मानेमागचा रंग

१

फ्रिजच्या दारावर कचऱ्याचा तक्ता होता. सोमवारी आणि गुरुवारी जळणारा, बुधवारी प्लास्टिक, शनिवारी काच आणि डबे. सगळं सकाळी आठच्या आत खाली नेऊन जाळीखाली ठेवायचं. तक्ता जपानीत होता, पण प्रत्येक चित्राखाली सुचेताताईंनी बॉलपेनने मराठीत लिहून दिलं होतं. त्या याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. मूळच्या पुण्याच्या, चाळिशीच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हणालो, तर म्हणाल्या, "काकू असेल तुझ्या घरी. मला ताई म्हण."

म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. कारण ताई म्हणायची सवय मला एकाच माणसाला होती, आणि ती आता पुढच्या खोलीत टेबलावर, पांढऱ्या कापडात बांधलेल्या डब्यात होती.

माझी बहीण नयना इथल्या निशी-कसाई भागातल्या या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाच वर्षं एकटी राहिली. ऑक्टोबरच्या दोन तारखेला ऑफिसला जाताना स्टेशनच्या जिन्यावर ती खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूतली नस फुटली म्हणाले. एकतीस वर्षांची होती. मी तेवीस. इथे स्मशानातही नंबर लागतो, म्हणून व्हिसा मिळून मी येईपर्यंत ती थांबली. आईला गुडघ्यांमुळे येता आलं नाही. सगळं मी केलं. हाडं चॉपस्टिक्सने उचलायची असतात, तीही मी उचलली.

आता महिनाअखेरपर्यंत फ्लॅट रिकामा करून द्यायचा होता. रोजचं ठरलेलं काम. सहाला उठायचं, आंघोळ, कचरा खाली, चहा, मग एक कपाट किंवा एक खण उपसायचा. गॅरेजमध्ये इंजिन खोलतो तसं मी करत होतो. एकेक वस्तू काढायची, पुसायची, कुठल्या पिशवीत ते ठरवायचं. विचार करायचा नाही.

बाथरूमच्या बाहेर तोंड धुवायची जागा होती. तिथे बेसिनच्या वर तीन आरशांचं कपाट. मधला आरसा पक्का, बाजूचे दोन दारासारखे उघडणारे. ती दारं अर्धी उघडून मध्ये उभं राहिलं की स्वतःची पाठमोरी मान दिसते. रविवारी संध्याकाळी मी ते कपाट आतून पुसलं आणि दोन्ही दारं लावली. सोमवारी कचरा ठेवून वर आलो, तर उजवं दार वीतभर उघडं.

बिजागरी सैल असेल म्हटलं. माझं कामच ते, म्हणून वाकून बघितली. सैल नव्हती. दाराला चुंबकाची कडी होती, ओढल्याशिवाय सुटायची नाही.

मी दार लावलं आणि चहा टाकला.

२

ताईला तेराव्या वर्षी कोड आलं. पहिला डाग मानेमागे, केसांच्या खाली, बोराएवढा. मग कानाखाली, मग बोटांवर. आईने वैद्य केले, उपास केले, आणि शेवटी दुबईच्या मावशीने एक बाटली आणली. गोरे लोक उन्हात बसल्यासारखं दिसायला ते लोशन अंगाला लावतात म्हणे. आमच्याकडे ते डागांवर लावायचं.

लावल्यावर लगेच काही दिसत नाही. दुपारपर्यंत रंग चढतो आणि अंगाला करपलेल्या बिस्किटांसारखा वास येतो. मग पाण्याने धुऊन जात नाही. पाच-सहा दिवसांत वरची कातडी झडते तसतसा तो झडतो, आणि पुन्हा रविवार येतो.

चेहरा, गळा, हात ती स्वतः करायची. मान माझ्याकडे. मी सात वर्षांचा होतो तेव्हापासून. ती मोरीच्या उंबऱ्यावर बसायची, एका हाताने वेणी वर धरायची, मान खाली घालायची आणि म्हणायची, "गुण्या, ये."

"बोटांनी नको रे, मठ्ठ. कापसाने लाव. पट्टे उठतात."

"उठू देत. मागे कोण बघतंय?"

"बसमध्ये मागच्या सीटवरच्या बायका बघतात. आणि नंतर हात धू. नाहीतर वाघासारखे तळवे घेऊन शाळेत जाशील."

मी कधीच नीट धुतले नाहीत. माझं नाव गुणवंत. दहावीला दोनदा बसलो, दोनदा नापास. वर्गात पोरं तळव्यांवरून चिडवायची तेव्हा मी मारामारी करायचो, पण का तपकिरी आहेत ते कुणाला सांगितलं नाही. आईची शपथ होती.

इथे अंत्यविधीच्या हॉलमध्ये ताईला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं चुकीच्या माणसासमोर उभा केलाय. डाग पसरले होते. उजव्या कानापासून हनुवटीपर्यंत, एका डोळ्याभोवती, दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे. मी तिला दोन वर्षांत समोर बघितलं नव्हतं. पण दर रविवारी व्हिडिओवर बघत होतो, आणि तिथे तर ती एकसारख्या सावळ्या रंगाची होती. तिथल्या बाईने तिच्या ओठांना थोडासा रंग आणि गालांना हलकी पावडर लावली होती. बाकी तशीच.

माझ्या हातात फोन होता. फोनवर आई. ती रडायची थांबली आणि म्हणाली, "झाक रे तिला, गुणा. लोक यायच्या आत झाक."

दुसऱ्या दिवशी तिच्या ऑफिसची माणसं येणार होती. मी टॅक्सी करून फ्लॅटवर आलो. बेसिनखालच्या खणात, अगदी मागे ती बाटली सापडली. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की दातांनी फिरवावं लागलं. परत गेलो. सुचेताताई म्हणाल्या, "गुणवंत, एक मिनिट ऐकतोस का?"

"तुम्ही मध्ये बोलू नका," मी म्हणालो. ओरडलोच. "माझी बहीण आहे ती."

हॉलमधली बाई काहीतरी बोलत दोन पावलं पुढे आली. मग माझ्याकडे बघून मागे सरली आणि वाकली.

कापूस मागायचं सुचलं नाही. मी हातानेच लावलं. चेहरा, गळा, हात. शेवटी डोकं थोडं उचलून मानेमागे. बर्फाच्या लाद्यांनी ती इतकी गार झाली होती की माझी बोटं बधिर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रंग चढला होता. नीट नाही, जागोजागी पट्टे उठले होते. पण ताई पुन्हा एका रंगाची झाली होती.

ऑफिसची माणसं आली. एक मुलगी ताईकडे बघून थबकली, स्वतःच्या गालावर हात ठेवून सुचेताताईंना काहीतरी विचारू लागली आणि एकदम रडायला लागली. मी विचारलं, "काय म्हणते?" सुचेताताई म्हणाल्या, "काही नाही."

माझा उजवा तळवा तपकिरी झाला होता.

३

मंगळवारी सव्वादहाला स्वयंपाकघरात घंटी वाजली. टिंग टाँग, टिंग टाँग, लहान मुलांच्या खेळण्यासारखी. मला वाटलं दार. दारात कोणी नव्हतं. परत आलो तर गिझरच्या भिंतीवरच्या डबीत एक लाल दिवा लुकलुकत होता. तो आपोआप विझला.

मी जिना उतरून सुचेताताईंकडे गेलो. त्या घरूनच काम करत होत्या, कानात हेडफोन. एक कान मोकळा करून त्यांनी ऐकून घेतलं.

"अरे, ते बाथरूममधलं बटण असतं. आत बसलेल्याला काही हवं असलं, साबण, टॉवेल, की दाबायचं. मग स्वयंपाकघरात वाजतं. आमचे चारुदत्त पाठ चोळून घ्यायला दाबतात. मी जात नाही."

"पण आत कोणी नव्हतं."

त्यांनी दुसराही हेडफोन काढला. "जुनं मशीन आहे, गुणवंत. ओल जाऊन शॉर्ट झालं असेल. तू नीट झोपतोस का? दुपारी जेवायला ये."

शॉर्ट मला समजतो. वर येऊन मी बाथरूमचं घडीचं दार सरकवलं. बटण भिंतीवर होतं, त्यावर रबराचं आवरण, कोरडं ठणठणीत. पण खाली फरशी ओली होती. मी सहाला आंघोळ केली होती, पंखा चालू ठेवला होता, आणि नऊला मीच त्या फरशीवर मोजे घालून उभा राहून खिडकी पुसली होती. बसायचं प्लास्टिकचं स्टूल मी कोपऱ्यात उलटं ठेवलं होतं. ते सुलटं होतं, दाराजवळ, आणि दाराकडे पाठ करून कोणी बसेल असं.

बाहेर बेसिनशेजारी ताईचा छोटा पांढरा रुमाल टांगलेला होता. चेहरा पुसायचा. तो ओला होता आणि मधोमध तपकिरी.

आधी मी माझा तळवा बघितला. साहजिकच आहे. सकाळी मीच तोंड पुसलं असेल. मी रुमाल साबण लावून धुतला, तळवाही घासला. रुमाल पांढरा झाला. तळवा होता तसाच राहिला.

तेव्हा लक्षात यायला हवं होतं. चढलेला रंग रुमालाला लागत नाही. मी लहानपणापासून ते तळवे घेऊन फिरलो आहे. वहीला, शर्टाला, कशालाच लागायचा नाही.

४

बुधवारी सकाळी मी त्या बाटलीवर राग काढला. हॉलमधून आणून मी ती बेसिनवर ठेवली होती. मला ती नजरेसमोर नको होती. प्लास्टिकच्या पिशवीत टाकली, गाठ मारली, पावणेआठला खाली जाळीखाली ठेवली. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून तीन नवे पांढरे रुमाल आणले. एक टांगला. आरशांची दारं लावली आणि उजव्या दाराला चिकटपट्टी मारली.

सव्वादहाला घंटी वाजली.

मी स्वयंपाकघरातच होतो. खुर्चीत बसून राहिलो. बाहेर मेट्रो गेली. इथे ती पुलावरून जाते, म्हणून खिडक्या थोड्या थरथरतात. ती गेल्यावर पाण्याचा आवाज यायला लागला. नळ जोरात सोडल्याचा नव्हे. कापड भिजवून पिळतात तसा. पिळायचं, मग काही वेळ काहीच नाही, मग घासल्याचा आवाज. हलका. पुन्हा पिळायचं.

मी मोठ्याने म्हणालो, "कोण आहे?"

आवाज थांबला. मग घंटी पुन्हा वाजली.

मी पाच मिनिटांनी गेलो. पाच म्हणतो, जास्तच असतील. चिकटपट्टी एका टोकाने सुटून लोंबत होती. नवा रुमाल तपकिरी होता, आणि त्याच्यावर बारीक वळ्या होत्या. अंग चोळल्यावर मळ निघतो तशा. बोटाने दाबली तर मऊ लागली. करपलेल्या बिस्किटांचा वास येत होता.

दुपारी दाराबाहेर माझी पिशवी परत आली होती. वर लाल चिठ्ठी, चित्रात एक बाटली आणि तिच्यातून सांडणारं पाणी. सुचेताताई म्हणाल्या, "आत लोशन आहे ना, म्हणून नाही नेली. रिकामी करून, धुऊन टाकायची असते. चौकीदाराने पिशवी ओळखली असणार, नवीन माणूस तूच."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी बाटली उजेडात धरली आणि आतल्या लोशनच्या कडेला पेनाने रेघ मारली. माझं डोकं शाळेत चाललं नाही, पण टाकीतून तेल कोण चोरतंय ते शोधायला रेघ मारतात हे मला माहीत आहे. कोणीतरी ताईचं लोशन वापरत होतं. मीच झोपेत चालत असेन तर तेही कळलं असतं.

गुरुवारी घंटी. रुमाल तपकिरी. रेघ जिथल्या तिथे. थेंबही कमी झाला नव्हता.

मी बराच वेळ एका हातात बाटली आणि एका हातात रुमाल घेऊन उभा होतो. मग मला कळलं की मी उलटा विचार करत होतो. बाटलीतून काही जात नव्हतं आणि रुमालावर रंग येत होता. कोणी लावत नव्हतं. कोणी काढत होतं.

५

शुक्रवारी सुचेताताई डबा घेऊन वर आल्या. वांग्याची भाजी, पोळ्या. मी खाईपर्यंत समोर बसल्या.

"ताई घरी मेकअप रोज करायची का?" मी विचारलं.

"नाही रे. दीड वर्षं झालं, सगळं बंद केलं होतं तिने. ते लोशनही आणि बाकीचंही. एके दिवशी तशीच ऑफिसला गेली. मी म्हटलं, नयना, अगं लोक काय म्हणतील? तर म्हणाली, सुचेता, लावलेला रंग असता तर म्हणाले असते, हा तर माझाच आहे." त्या थोड्या हसल्या. "पहिला आठवडा बघायचे. मग बघेनासे झाले. फार मोकळी झाली होती. मान उघडी टाकून केस वर बांधायला लागली होती."

पोळीचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला.

"रविवारी तर..." मी म्हणालो. "दर रविवारी आम्ही बघत होतो तिला."

"रविवारी तेवढं लावायची. अकराला तुमचा फोन असायचा ना? सव्वादहाला आरशासमोर बसायची. फाउंडेशन, पावडर, पाऊण तास. मी एकदा म्हटलं, सांगून टाक ना आईला. म्हणाली, सांगते, या दिवाळीत सांगते. आईला चेहरा दाखवूनच सांगते."

"मला का नाही सांगितलंत?"

"कधी?" त्यांचा आवाज चढला. "तू ऐकत होतास? थरथरत होतास नुसता. फोनवर तुझी आई. मी कोण, शेजारीण." मग खाली बघून म्हणाल्या, "ती मुलगी, ऑफिसातली. ती विचारत होती, नयना-सान कुठे आहेत? हा चेहरा कुणाचा आहे? रोज शेजारी बसायची तिच्या."

मी उठलो आणि भांडं बेसिनमध्ये आपटलं. फुटलं नाही. सुचेताताईंनी डबा आवरला. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "तुझ्या खालच्या घरातली बाई विचारत होती, वर रोज कोण एवढं घासतं? मी सांगितलं, मुलगा घर साफ करतोय."

६

शनिवारी मी दहाच्या आधीच बाहेर पडलो. नदीपर्यंत चालत गेलो आणि बांधावर बसलो. खाली मुलं बेसबॉल खेळत होती. मी स्वतःशी नीट विचार केला. ती जळाली. मी पाहिलं. हाडं पांढरी होती, त्यांच्यावर कसला पट्टा नव्हता. जळालेल्या माणसाला रंग कुठून राहणार?

पण दुसरा विचार जाईना. जिवंत माणसाची कातडी झडते म्हणून रंग पाच-सहा दिवसांत जातो. मेलेल्याची झडत नाही. मी लावला तो तिच्या अंगावरून कधीच आपोआप जाणार नव्हता. जाळण्यापूर्वी कुणी काढला नाही. तो घेऊन ती गेली. दीड वर्षं ती ज्याच्याशिवाय राहिली ते मी दाताने झाकण उघडून तिला परत चोपडलं.

एकला परत आलो. जिन्यातच घंटी ऐकू आली. टिंग टाँग. मी कुलूप काढेपर्यंत ती तीनदा वाजली. म्हणजे सव्वादहापासून वाजत होती. मी आत पाऊल टाकल्यावर थांबली.

बेसिनवर तिन्ही रुमाल ओळीने वाळत घातले होते. ताईची पद्धत, टोकाला टोक जुळवून. तिन्ही तपकिरी, पण कालच्यापेक्षा फिके. शेवटचा जवळजवळ स्वच्छ. उजवा आरसा उघडा होता. आणि त्याच्या काचेवर, मानेच्या उंचीवर, पाण्याने भिजलेल्या बोटांचे ठसे होते. पुन्हा पुन्हा बोट टेकवून कुणी आरशात जागा दाखवावी तसे. एकाच जागी.

मला ती जागा माहीत होती.

मी इतका घाबरलो होतो की बॅग भरायला घेतली. दोन शर्ट आत टाकले. मग पांढऱ्या कापडातला डबा उचलायला गेलो आणि हात थांबला. डब्यासकट पळून कुठे जाणार? विमानात तिला मांडीवर घेऊन बसायचं होतं. घरी आईसमोर ठेवायचं होतं.

शर्ट परत काढले.

७

रविवारी दहाला मी तयार होतो. पातेल्यात कोमट पाणी केलं, ताईचा साबण घेतला, आणि सगळ्यांत मऊ रुमाल. फोन पुढच्या खोलीत डब्याला टेकवून ठेवला, जिथे ती तिचा ठेवायची. अकराला आई फोन करणार होती. ताई गेल्यापासून एकाही रविवारी आईने फोन केला नव्हता. काल म्हणाली, उद्या करते, नाही केला तर मला बसवणार नाही.

सव्वादहाला घंटी वाजली. एकदाच.

मी पातेलं घेऊन गेलो. बाथरूमचं घडीचं दार उघडं होतं आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही. बेसिनसमोर उभा राहिलो. मधल्या आरशात मी. दाढी वाढलेली, डोळे लाल. उजव्या आरशात माझा कान आणि खांदा दिसायला हवा होता.

उजव्या आरशात एक मान दिसत होती. खाली वाकलेली. ओले केस एका हाताने वर धरलेले, आणि तो हात पांढरा होता, मनगटापर्यंत. मानेवर मात्र तपकिरी रंग होता, आणि त्यात चार पट्टे. माझी बोटं.

आरशाच्या हिशेबाने ती माझ्या मागे, डावीकडे, बाथरूमच्या उंबऱ्यावर बसली होती.

चेहरा, गळा, हात तिने स्वतः केलं होतं. मान माझ्याकडे.

मी गुडघे टेकले. वळलो नाही. नजर आरशाच्या खालच्या कडेवर ठेवली आणि रुमाल भिजवून हात मागे नेला. हात हवेत जाईल असं वाटलं होतं. नाही गेला. ती थंडी मी ओळखली. हॉलमधल्या लाद्यांची. बोटं लगेच बधिर झाली.

घासायला लागलो. आधी हळू. काहीच निघेना. साबण लावला, पुन्हा घासलं. मग रुमालाखाली काहीतरी सुटायला लागलं, बारीक वळ्या होऊन. पाणी चहासारखं झालं. मी रुमाल पिळत होतो, भिजवत होतो, घासत होतो. एकदा विचारलं, "दुखतंय का गं?" आरशात केस धरलेला हात थोडा आणखी वर झाला, म्हणजे कडेची जागा मोकळी व्हावी. ती नेहमी तसंच करायची.

"बोटांनी लावलं मी," मी म्हणालो. "कापसाने लावायला हवं होतं. नाही, लावायलाच नको होतं."

एक पट्टा गेला. दुसरा गेला. माझ्या तळव्याचाही रंग निघत होता. पाण्यात बघितलं तर तळवा उघडा, पांढुरका दिसत होता. चौथा पट्टा हट्टी होता. तो जाईपर्यंत माझे डोळे वाहत होते आणि मला आरसा नीट दिसत नव्हता. एवढं कळलं, की तिथे आता केसांपासून खांद्यापर्यंत एकसारखं पांढरं होतं, आणि हात सुटून केस खाली आले.

फोन वाजायला लागला.

मी उठून जवळजवळ पळतच पुढच्या खोलीत गेलो आणि फोनसमोर खुर्चीत बसलो. मागे चुंबकाची कडी लागल्याचा आवाज आला, टक्. मग फरशीवर ओलं पाऊल. मग दुसरं.

स्क्रीनवर आई होती. खुर्चीत, मागे ताईचा हार घातलेला फोटो. त्यातही ती एका रंगाची.

"गुणा, चहा घेतलास का? अंधार का रे तिकडे? लाइट..."

एवढं म्हणून ती थांबली. तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या उजव्या खांद्यावरून मागे बघत होती. ती ओरडली नाही. तिने चष्मा लावला. मग दर रविवारी ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात म्हणाली,

"अगं, आज काही लावलं नाहीस?"

स्क्रीनच्या कोपऱ्यात माझी छोटी चौकट असते. मी तिच्याकडे बघितलं. त्यात माझा चेहरा होता, आणि खांद्यामागे, चौकटीच्या कडेने अर्धं कापलेलं, ओले केस, कान, आणि कानापासून हनुवटीपर्यंत पांढरं. डोळे चौकटीबाहेर होते. माझ्या मानेवर गार पाण्याचा थेंब पडला.

माझा अंगठा लाल बटणावर गेलेला होता. दाबलं की संपलं असतं. आईला नंतर सांगता आलं असतं की फोन अडकला, तुला भास झाला, तू झोपली नव्हतीस. मला तेच येतं. लहानपणापासून मी तेच केलं.

"नयना?" आई म्हणाली. "जरा पुढे ये. नीट दिसत नाहीयेस."

मी अंगठा उचलला. फोन तसाच डब्याला टेकवून ठेवला. मागे वळून बघायची हिंमत माझ्यात नव्हती, पण मी खुर्चीतून उठलो आणि बाजूला सरकलो, आईला ती पूर्ण दिसावी म्हणून.